एअर-कूल्ड बग्गी घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियात, घराच्या गॅरेजमध्ये, मी एक जुनी बग्गी पुन्हा रस्त्यावर आणली. तेव्हापासून सॅन होजेपासून सांगलीपर्यंतची मराठी माणसं साधारण तेच तेच विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येईल. बग्गी म्हणजे बॉडी काढून टाकलेली फोक्सवॅगनची बीटल गाडी. त्यामुळे कुठलीही कटकट उद्भवली की पहिला प्रश्न असा विचारायचा: बीटलची पत्र्याची बॉडी इथे कोणतं काम करत होती, आणि आता ते कोण करतंय?

१. बग्गी म्हणजे नेमकं काय? जीप की गो-कार्ट?

दोन्ही नाही. खाली फोक्सवॅगन बीटलची चॅसिस (खालचा सांगाडा), मागे तिचंच हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, वर फायबरचा उघडा टब. चारचाकी ड्राइव्ह नसते. तरीही वाळूत ती चालते, कारण इंजिन थेट मागच्या चाकांवर बसलेलं असतं आणि एकूण गाडी हलकी असते. १९६४ साली न्यूपोर्ट बीचच्या ब्रूस मेयर्स यांनी पहिली फायबर बग्गी बनवली, तिचं नाव मेयर्स मँक्स. ते बोटी बनवणारे होते आणि टबची गोलाई बघितली की ते कळतं. १९६७ साली त्यांनी आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना-ला पास हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापून मोटरसायकलचा विक्रम मोडला, आणि त्याच वर्षी तिथली पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यतही मँक्सनेच जिंकली. त्यानंतर बग्गीचं वेड पसरलं.

२. माझ्याकडची बग्गी खरी मँक्स आहे की नक्कल, हे कसं ओळखू?

बहुतेक नक्कलच असेल. मेयर्स यांनी पेटंटसाठी कोर्टात धाव घेतली, पण ते हरले, आणि मग ज्याच्याकडे साचा त्याने टब काढले. मूळ कंपनी १९७१ मध्ये बंद पडली. विकताना किमतीत मोठा फरक पडतो, चालवताना अजिबात नाही. उलट नक्कल असेल तर तुम्ही बिनधास्त भोकं पाडू शकता. सुरुवातीच्या १२ मँक्स मात्र वेगळ्याच होत्या. त्यांना खाली बीटलची चॅसिसच नव्हती, सगळा भार टबच उचलायचा. तशी एखादी अडगळीत सापडली तर पाना खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

३. जुनी बग्गी बघायला जाताना काय काय तपासू?

रंग बघू नका. खाली वाका. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते, ॲसिड सांडून तिथला पत्रा सगळ्यात आधी सडतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मग चॅसिस कापून जोडली आहे तिथलं वेल्डिंग बघा (प्रश्न ६). इंजिनची पुली (पट्ट्याचं चाक) हाताने पुढे-मागे ढकला. क्रँकचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) खेळ हजारांश इंचात मोजायचा असतो, नव्या इंजिनात ०.००३ ते ०.००५ इंच. हाताला टकटक स्पष्ट जाणवली तर इंजिन उघडावं लागणार असं धरून भाव करा. विकणारा 'नुसता कार्ब्युरेटर साफ केला की सुरू होईल' म्हणाला तर हसून मान डोलवा आणि इंजिन बंद आहे असं समजूनच किंमत सांगा.

४. कागदपत्रांचं काय? गाडी बग्गी आणि कागदावर बीटल, हे चालतं का?

चॅसिस नंबर मागच्या सीटखाली, चॅसिसच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर म्हणजे बोगद्यावर ठोकलेला असतो. म्हणजे बॉडी गेली तरी गाडीची ओळख खालीच राहते, आणि म्हणून बऱ्याच बग्ग्या कागदावर त्या सालच्या फोक्सवॅगन आहेत. पैसे देण्याआधी तो नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः ताडून बघा, फोटोवर विसंबू नका. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणी नाही, ही मोठी सोय. कागदच नसलेली किंवा नव्याने जुळवलेली गाडी असेल तर 'विशेष बांधणीचं वाहन' म्हणून नोंदवावी लागते. तिथे तपासणीतून सूट देणारे दाखले वर्षाला फक्त ५०० निघतात आणि जानेवारीत रांग लागते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, त्या त्या ठिकाणी विचारा. भारताबद्दल प्रश्न २० मध्ये.

५. खाली कोणत्या सालची बीटल आहे हे कळायला काही खूण?

अमेरिकेत विकलेल्या गाड्यांपुरतं सांगतो. पुढच्या चाकांपाशी बॉल जॉइंट (गोळीचे सांधे) असतील तर १९६६ किंवा नंतरची, लिंक पिन (खिळीचे सांधे) असतील तर त्याआधीची. चाकाला पाच बोल्ट असतील तर १९६७पर्यंतची, चार असतील तर १९६८पासूनची. १९६७मध्ये विजेचं काम ६ व्होल्टवरून १२ वर गेलं. मागच्या ॲक्सलला फक्त गिअरबॉक्सपाशी सांधा असेल तर तो स्विंग ॲक्सल, म्हणजे १९६८पर्यंतचा. चाकापाशीही सांधा असेल तर १९६९पासूनचं स्वतंत्र सस्पेन्शन. इंजिनवरून साल ठरवू नका, साठ वर्षांत ते तीनदा बदललेलं असतं. इंजिनचा नंबर जनरेटरच्या स्टँडखाली असतो. 'एच'ने सुरू झाला तर १५०० सीसी, 'बी' म्हणजे एका पोर्टचं (हवा आत घेणाऱ्या एका तोंडाचं) १६००, 'एई' म्हणजे १९७१चं दोन पोर्टांचं १६००. १९७१पासूनची 'सुपर बीटल' मात्र टाळा, तिचं पुढचं सस्पेन्शन वरच्या पत्र्याला टांगलेलं असतं आणि बग्गीत तो पत्राच नसतो.

६. चॅसिस मी स्वतः कापून आखूड करू शकतो का?

करता येते. करावी का, हे तुमच्या वेल्डिंगवर आहे. बीटलचा व्हीलबेस ९४.५ इंच, मँक्सचा ८०, म्हणजे साडेचौदा इंच काढायचे. मधला बोगदा हा गाडीचा कणा आहे, आणि त्याच्या पोटातून गिअरची दांडी, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या आणि पेट्रोलची नळी जाते. ते सगळं त्याच मापाने आखूड करून पुन्हा सरळ रेषेत यायला हवं. दोन मिलिमीटर तिरकं बसलं तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालेल. मी कापलेली चॅसिस विकत घेतली आणि त्याची मला लाज वाटत नाही. पूर्ण लांबीच्या चॅसिसवर बसणारे टबही मिळतात. मागे माणसं बसवायची असतील तर तेच घ्या.

कापलेली चॅसिस तपासताना खालून टॉर्च मारा. वेल्डिंगवर जाड डांबरी थर फासलेला असेल तर तो खरवडायची परवानगी मागा. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

७. फायबरला केसासारखे तडे गेलेत. पुटी भरून रंगवू का?

पुटी भरली तर एका उन्हाळ्यात तडे परत वर येतील. आधी मागच्या बाजूला हात घाला. वरवरचा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा फक्त जेलकोटचा (फायबरवरच्या रंगीत थराचा) असतो, तो व्ही आकारात खरवडून जेलकोटने भरता येतो. पण मागूनही रेघ दिसत असेल तर कापड फाटलंय. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा, जाडीच्या दहा-बारा पट रुंद, आणि आतून काचेचं कापड रेझिनने थरावर थर बसवायचं. तडा जिथे गेला तिथे बहुतेक वेळा एखादा बोल्ट जास्त आवळलेला असतो. त्याखाली रुंद वायसर आणि रबर घातल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही.

एपॉक्सी वापरायचं की पॉलिस्टर? एपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट चिकटतं, पण त्यावर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. वर रंगच मारणार असाल तर एपॉक्सी, चमकीचा मूळ जेलकोट जपायचा असेल तर पॉलिस्टर. आणि घासताना मास्क, पूर्ण बाह्या. ती धूळ अंगाला लागली की आठवडाभर खाजकुइलीची आठवण येते.

८. दिवे लुकलुकतात, इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो. सगळं वायरिंग बदलू का?

थांबा. पन्नास वेळा हा प्रश्न आला, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच निघालं: अर्थिंग.

बीटलमध्ये प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. फायबरमधून वीज जात नाही. बग्गी बनवणाऱ्याने दिवे फायबरवर बोल्टने बसवले, बीटलचंच वायरिंग जोडलं, आणि परतीची वायर द्यायला विसरला, किंवा कुठल्यातरी एका गंजक्या स्क्रूवर सहा वायरी एकत्र बांधून ठेवल्या. मग विजेला जो रस्ता मिळेल तिकडून ती परत जाते, एका दिव्याच्या फिलामेंटमधून दुसऱ्यात. म्हणून ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर उजळतो. भूत नाही ते.

उपाय कंटाळवाणा पण स्वस्त आहे. पुढे एक आणि मागे एक अशा दोन पितळी पट्ट्या बसवा, प्रत्येक दिव्यापासून, हॉर्नपासून, पेट्रोलच्या काट्यापासून एक-एक काळी किंवा तपकिरी वायर त्या पट्टीवर आणा, आणि पट्टीपासून जाड वायर चॅसिसच्या घासून चकचकीत केलेल्या जागी. मी हे एका रविवारी केलं. त्याआधी दोन महिने मी स्विच, रिले, फ्लॅशर बदलत बसलो होतो. पैसे गेले ते वेगळेच.

अजून एक: गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर टांगलेला असतो, म्हणून त्याच्यापासून चॅसिसपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती नसेल तर स्टार्टरचा करंट क्लचच्या केबलमधून परत जायला बघतो आणि केबल भाजून निघते.

९. इंजिन गरम असलं की स्टार्टर फक्त 'टक' करतो. बॅटरी तर नवी आहे.

प्रश्न ८ मधली तांब्याची पट्टी आधी तपासा. ती ठीक असेल तर सोलेनॉइडकडे (स्टार्टरवरच्या विजेच्या खटक्याकडे) जाणारी बारीक वायर चावीपासून लांबचा फेरा घेऊन येते आणि वाटेत व्होल्टेज गमावते. स्टार्टरजवळ एक रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवा, चावी रिलेला चालवेल आणि रिले सोलेनॉइडला. अर्ध्या तासाचं काम.

१०. इंजिन एकट्याने उतरवता येतं?

हो, आणि याच कारणासाठी लोक या इंजिनाच्या प्रेमात पडतात. दोन बोल्ट वर, दोन नट खाली, सगळे १७ मिमीचे. ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची नळी, दोन-चार वायरी. खाली जॅक, इंजिन मागे ओढा, उतरलं. बग्गीत तर मागून सगळं उघडंच. पण इंजिनचं वजन शंभर किलोच्या वर आहे आणि ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, क्लचची प्लेट वाकते. पेट्रोलची नळी आधी चिमटा लावून बंद करा. एकटे असाल तर घरातल्या कुणाला तरी सांगून गॅरेजमध्ये शिरा.

११. उघडं इंजिन, चारी बाजूंनी वारा, तरी तापतं. असं कसं?

कारण या इंजिनाला वाऱ्यावर सोडलं तर ते थंड होत नाही, वारा दाबून सिलिंडरवरच्या पात्यांमधून (फिन्समधून) न्यावा लागतो. इंजिनभोवतीचा काळा पत्रा शोभेचा नाही, तोच इथला रेडिएटर आहे. पंख्याने खेचलेली हवा त्या पत्र्याच्या बोगद्यातून चारही सिलिंडरवरून खाली जाते. बग्गीवाले काय करतात, तर दिसायला झकास म्हणून अर्धे पत्रे काढून टाकतात आणि उरलेल्यांवर क्रोम चढवतात.

बीटलमध्ये इंजिनच्या कडेने रबराची पट्टी होती. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा तिने वेगळी ठेवलेली. बॉडी गेली तशी ती पट्टीही गेली. आता सायलेन्सरने तापवलेली हवा फिरून पुन्हा पंख्यात शिरू शकते. म्हणून मागचा आडवा पत्रा आणि पुलीभोवतीचा पत्रा बग्गीत जास्तच गरजेचा. सिलिंडरखालचे दोन छोटे पत्रे तर हमखास गायब असतात, कारण ते दिसत नाहीत. ते नसतील तर हवा सिलिंडरला वळसा न घालता सरळ खाली पडते.

तीन नंबरच्या सिलिंडरवर विशेष लक्ष ठेवा. डावीकडचा पुढचा. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या पेटीतच त्याच्या वर बसायचा आणि त्याची हवा अडवायचा. १९७१पासून फोक्सवॅगनने कूलर पेटीबाहेर स्वतंत्र कप्प्यात नेला, लोक त्याला 'डॉगहाउस' म्हणतात. जुन्या इंजिनला ती पेटी बसवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला बदल. मात्र स्वस्तातली नवी पेटी घेताना आत हात घालून बघा: हवा वाटणाऱ्या आतल्या पट्ट्या नसतील तर ते नुसतं खोकं आहे. जुन्या बाजारातली गंजकी मूळ पेटी बरी.

मग पट्टा. पंखा जनरेटरच्याच दांड्यावर असतो, म्हणजे पट्टा तुटला की थंडावा संपला. बोटाने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. पुलीच्या दोन अर्ध्या भागांमधल्या चकत्या कमी-जास्त करून तो ताणतात. काढलेल्या चकत्या फेकू नका, पुलीच्या बाहेरच्या बाजूला नटाखाली घालून ठेवा. तेलाचं तापमान ८० ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर निश्चिंत असा.

१२. टॅपेट किती वेळा सेट करायचे, आणि किती ठेवायचे?

बुलेटवाल्यांना हे सांगावं लागत नाही. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट जुळवणं. दर ३००० मैलांनी, इंजिन पूर्ण थंड असताना, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.००६ इंच. इंजिन नवं बांधलं असेल तर पहिल्या ३०० मैलांनी एकदा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-४-३-२ आहे. युक्ती अशी की पुली उलटी, अर्धा-अर्धा फेरा फिरवली की सिलिंडर १, २, ३, ४ असे सरळ क्रमाने येतात, डोक्याला ताण नाही. १ आणि २ उजवीकडे, ३ आणि ४ डावीकडे, पुढून मागे.

टॅपेट खडखडत असतील तर घाबरू नका. आधी वाजणारा टॅपेट आपोआप गप्प झाला तर घाबरा. व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट खचतेय, फट संपत आलीय, आणि एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडेल. बहुतेक वेळा तीन नंबरचा एक्झॉस्ट. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

१३. ऑइल फिल्टर कुठे आहे? सापडत नाही.

नाही म्हणूनच सापडत नाही. खाली फक्त जाळी आहे. तेल अडीच लिटर, म्हणून लवकर बदलायचं, ३००० मैलांच्या आत. जाळीच्या झाकणाचे सहा नट ५ फूट-पौंडांपेक्षा (हे आवळण्याच्या जोराचं माप) जास्त आवळू नका. ताकद लावून स्टड उपटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. इंजिन उघडणारच असाल तर केसला भोक पाडून बाहेरचा फिल्टर जोडून घ्या, वाळूत फिरणाऱ्या गाडीला तो हवाच.

१४. आयडलला छान चालते, पाय दिला की क्षणभर गुदमरते. कार्ब्युरेटर बदलू?

आधी डिस्ट्रिब्युटरवरचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावरचा) नंबर वाचा. शेवटी ००९ असेल तर तोच. ००९ मध्ये फक्त वेगाने सरकणारं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आहे, व्हॅक्यूमची नळी नाही, त्यामुळे पाय देताच टायमिंग मागे राहतं. व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर बसवा, इंजिन वेगळंच वाटेल. फट पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या खटक्याची) ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकलं तर जुने पॉइंट आणि कंडेन्सर सीटखाली ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा आधी सांगून जात नाही.

१५. मागची चाकं वरून बाहेर फाकली आहेत, बेडकासारखी दिसतात. काही वाकलंय का?

वाकलं काही नाही, वजन गेलंय. बीटल साधारण ८०० किलोची, बग्गी त्याहून दोन-अडीचशे किलोने हलकी. स्प्रिंग मात्र अजून बीटल उचलायच्या तयारीत बसलेल्या. गाडीचा मागचा भाग वर येतो, आणि स्विंग ॲक्सल असेल तर चाकं खालून आत ओढली जातात. दिसायला मजा वाटते, पण जोरात वळण घेतलं की बाहेरचं चाक आणखी आत दुमडतं आणि गाडी उलटू शकते. हे टाळायचं नाही, दुरुस्त करायचं.

मागे कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहेत, पिळ खाणाऱ्या पोलादी दांड्या. दांडीच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा म्हणजे ८ अंश १० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे एक अंश). आतून एक दात एका दिशेला आणि बाहेरून एक दात उलट दिशेला फिरवला की फरक उरतो फक्त ५० मिनिटांचा, एक अंशसुद्धा नाही. इतकी बारीक जुळणी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, नुसत्या दात्यांच्या गणितावर. ज्याने हे आकडे निवडले त्याला माझा नमस्कार.

स्प्रिंग प्लेट (दांडीच्या बाहेरच्या टोकावरची पोलादी पट्टी) थांब्यावरून सुटताना प्रचंड जोरात खाली येते. साखळी आणि जॅक लावल्याशिवाय हात घालू नका, चेहरा त्या रेषेत ठेवू नका. गाडी एकदा थोडी चालवून स्थिरावू द्या, मग कोन मोजा.

१६. डिस्क ब्रेक बसवू का?

आधी साल बघा (प्रश्न ५). १९६७पूर्वीची चॅसिस असेल तर ब्रेकचं सर्किट एकच असतं, एक नळी फुटली की चारही चाकं गेली. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर ही पहिली खरेदी, डिस्क नंतर. बग्गीचं पुढचं टोक इतकं हलकं असतं की नीट जुळवलेले ड्रमसुद्धा ओल्या रस्त्यावर पुढची चाकं बांधतात. डिस्कने ती आणखी लवकर बांधली जातील. पुढच्या टायरमध्ये हवा कमी ठेवा, मी १५ पीएसआयच्या आसपास ठेवतो. मागच्या ॲक्सलचा ३६ मिमीचा नट किमान २१७ फूट-पौंड आवळायचा, आणि कॉटर पिनचं (नट सैल होऊ न देणाऱ्या पिनेचं) भोक जुळलं नाही तर सैल करायचं नाही, पुढच्या भोकापर्यंत आवळायचं. लांब पाइप घ्या, घरातल्या जड माणसाला वर उभं करा.

१७. ताकद वाढवायची आहे. इंजिन थेट १७७६ सीसीचं करू?

१६०० सीसीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६९ मिमी. तोच स्ट्रोक ठेवून ९०.५चे सिलिंडर घातले की १७७६ होतं, पण केस आणि हेड दोन्ही मशिनवर कापून घ्यावी लागतात. कापायचं नाही म्हणून लोक ८७चे सहज सरकणारे सिलिंडर घालतात, १६४१ होतं. त्यांच्या भिंती पातळ, त्या तापून वाकतात. एक तर मूळ १६०० ठेवा, नाही तर नीट खर्च करून १७७६. मधला रस्ता नको. माझं मत विचाराल तर हलक्या गाडीला चांगलं जुळवलेलं १६०० पुरून उरतं, आणि प्रश्न ८, ११, १५, १६ झाल्याशिवाय ताकदीकडे वळूच नये.

१८. या गाड्यांना आग लागते असं ऐकलंय. खरं?

खरं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलची पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती निसटली की पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरवर. ती काढून, खरवडून पुन्हा घट्ट ठोका आणि वरून तारेने बांधा. पेट्रोलचा फिल्टर इंजिनवर लोंबकळत ठेवू नका, गिअरबॉक्सजवळ न्या. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप ते खातं, सगळे बदला. इंजिनची केस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे. ती एकदा पेटली तर पाणी मारू नका, भडकते. ड्राय पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला येईल असा लावा आणि पहिल्या काही सेकंदांत वापरा. त्यानंतर लांब पळा.

१९. वाळूत कुठे चालवता येते?

कॅलिफोर्नियात पिस्मो बीचजवळचे ओशनो ड्यून्स आणि दक्षिणेला ग्लॅमिस. दोन्हीकडे आठ फूट उंच काठीला झेंडा लावावा लागतो, नाही तर टेकडीपलीकडच्याला तुम्ही दिसत नाही. ब्राझीलमध्ये नातालजवळच्या जेनिपाबूच्या टेकड्यांवर बग्गीचालक पर्यटकाला बसवतानाच विचारतात, 'थरार हवा की नको?' आईला घेऊन गेलात तर 'नको' म्हणा.

२०. ही महाराष्ट्रात आणून चालवता येईल? किंवा तिथेच बनवता येईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात निराश करणारा प्रश्न. बीटल भारतात कधी बनली नाही, आयात झालेल्या थोड्या आहेत, आणि त्यातली एखादी कापणं हे पाप आहे असं माझं मत. कायद्याचं बघू. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. बग्गी म्हणजे मुळातच फेरफार. शिवाय व्हिंटेज गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. साधी गाडी म्हणून नोंदवायची तर २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळी केलेली गाडी आरटीओ स्वीकारत नाही. आणि किनाऱ्याचं स्वप्न असेल तर गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. उरतं स्वतःचं शेत. तिथे कुणाची हरकत नाही, पण तिथे ट्रॅक्टर जास्त उपयोगी पडतो.

२१. इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवली तर?

लोक करतात. मेयर्स मँक्स या नावानेच २०२२ साली इलेक्ट्रिक बग्गी दाखवली गेली. प्रश्न ११ ते १४ एका फटक्यात संपतात, ८ मात्र दुप्पट महत्त्वाचा होतो. घरी करणार असाल तर उच्च दाबाच्या विजेचं काम शिकलेला माणूस सोबत हवा. मी केलेलं नाही.

२२. बीटलची रिकामी बॉडी उरली आहे. तिचं काय करू?

नंबर चॅसिसबरोबर गेला, त्यामुळे ती गाडी म्हणून विकता येत नाही. भाग सुटे करा. काचा, दरवाज्यांची हँडल, दिव्यांच्या कडा आणि पुढचं झाकण लगेच जातात. डॅशबोर्डचा पत्रा न कापलेला असेल तर त्यालाही गिऱ्हाईक आहे. इंजिनच्या कडेची रबरी पट्टी शाबूत असेल तर ठेवून द्या, मागचा पत्रा बसवताना कामी येते. माझ्याकडच्या बॉडीचं छत मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्याने नेलं. त्याच्या कोंबड्या आता त्याखाली बसतात.